जंगलाचे दप्तर ग्रामसभेपुढे उघडा: गडचिरोलीत रुजू होणाऱ्या वनाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा या पाचही वनविभागांत नव्याने रुजू होणारे अधिकारी व कर्मचारी

सेवा जोहार.

कुंडल, चंद्रपूर किंवा देहरादूनचे प्रशिक्षण संपवून, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन आपण आमच्याकडे येता आणि पदभार घेता. पदभाराच्या यादीत कक्ष (जंगलाचे क्रमांक दिलेले तुकडे) असतात, रोपवने असतात, जप्त माल असतो, कोर्टात चाललेली प्रकरणे असतात, गाड्या आणि निवासस्थाने असतात. आपल्या परिक्षेत्रातले कोणते कक्ष कोणत्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्कात आहेत, त्या ग्रामसभेने जंगलासाठी काय नियम केले आहेत, तिचा व्यवस्थापन आराखडा कोणत्या कपाटात आहे, हे मात्र त्या यादीत बहुतेक वेळा नसते.

मी धानोरा आणि कोरची तालुक्यांतल्या काही ग्रामसभांची इतिवृत्ते, जमाखर्च आणि पत्रव्यवहार लिहायला मदत करते. त्यामुळे जंगलाच्या कारभारात घोडे कुठे अडते ते मला आधी कागदावर दिसते. वनखाते आणि ग्रामसभा यांच्यातल्या ओढाताणीमागे दर वेळी कुणाचा वाईट हेतू असतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा सगळे दप्तर एका बाजूकडे असते आणि दुसऱ्या बाजूला ते बघायलाही मिळत नाही. एकाच जंगलाचा कारभार दोघांनी करायचा आणि नकाशा, नोंदी, पैसा आणि शिक्का मात्र एकाच कार्यालयात राहायचा, अशाने सहकार्य कसे होणार? त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२००६ चा वनहक्क कायदा आपण वाचलेला आहे, तो शिकवण्याचा माझा अधिकार नाही. तरी दोन जागा पुन्हा वाचाव्यात अशी विनंती करते. गावाच्या पारंपरिक सीमेतल्या जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ ने गावाला दिला आहे. कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचे काम ग्रामसभेकडे सोपवले, आणि जंगलाच्या वापराबद्दल तिने केलेले नियम पाळले जातात की नाही हे बघण्याचा अधिकारही दिला. दुसरी जागा त्या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ४ ची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात लिहिले आहे की ग्रामसभेची समिती आराखडा करील आणि तो वनखात्याच्या सूक्ष्म आराखड्याशी किंवा कार्य आयोजनेशी (खात्याच्या अनेक वर्षांच्या कामाच्या आराखड्याशी) जोडला जाईल. जोडताना जे फेरफार करायचे ते समितीला आवश्यक वाटतील ते. समितीला, कार्यालयाला नव्हे. हा नियम मी बैठकांत मोठ्याने वाचून दाखवत आले आहे. ऐकणाऱ्या साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटते की ते हा भाग पहिल्यांदाच ऐकताहेत. कार्य आयोजना मोठी आणि गावाचा आराखडा तिच्या शेवटी जोडायचे परिशिष्ट, अशी सवय पडून गेली आहे.

हा जिल्हा या बाबतीत देशाच्या पुढे होता. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये, मर्दा गावासोबत, देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याचे जंगल सुमारे १,८०० हेक्टर. पण हक्काचा कागद हाती आला म्हणून बांबू गावाबाहेर गेला असे झाले नाही. कायद्यात बांबू गौण वनोपज (गावाने गोळा करून विकायचा, इमारती लाकडाखेरीजचा जंगलातला माल) म्हणून स्पष्ट लिहिलेला असताना वाहतूक परवान्यावर गाडे अडून राहिले. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी जिथे वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, सर्वसहमती झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही हे पथ्य जिथे पाळले गेले, त्या गावालाही आपला बांबू गाडीत भरण्यासाठी केंद्रातला मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री यावा लागला. आज जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे मेंढ्याइतकी तयारी नाही, आणि त्यांच्याकडे मुख्यमंत्रीही येणार नाहीत. त्यांच्याकडे आपण येणार आहात.

आपल्याकडे बघताना गावाला आधी काय आठवते, तेही सांगते. १९९० मध्ये केंद्राचे परिपत्रक निघाले, १९९२ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्या झाल्या. समिती गावाची, पण सचिव वनखात्याचा. बैठकीची वही वनपालाकडे. ठराव लिहून यायचा आणि सह्या नंतर व्हायच्या. काही गावांनी त्यातूनही चांगले काम केले, संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षिसे मिळवली, ते नाकारायचे नाही. पण संयुक्त म्हणजे खात्याने ठरवायचे आणि गावाने राबायचे, हा धडा गावाने तिथेच घेतला. आता वनहक्क मान्य झाल्यावर ग्रामसभेची स्वतःची व्यवस्थापन समिती असते, तरी खात्याचा निधी, योजना आणि प्रशिक्षणे जुन्या समितीकडेच येत राहतात, कारण तिचे खाते उघडलेले आहे, तिचा सचिव ओळखीचा आहे. परिणाम असा की एका गावात दोन समित्या, दोन खाती आणि दोन तट. एका गावात तर दोन सख्ख्या भावांपैकी एक या समितीत आणि दुसरा त्या समितीत. वणवा लागला की कुणाच्या समितीने माणसे न्यायची यावरून दोघे भांडत होते. आपण रुजू झाल्यावर एवढे जरी केले, की वनहक्क मिळालेल्या गावात खात्याचा प्रत्येक व्यवहार ग्रामसभेच्या समितीशीच होईल, तरी अर्धी भांडणे तिथल्या तिथे मिटतील.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. एका गावाने आपल्या जंगलातला नाल्याकडचा भाग बांबूतोडीसाठी बंद ठेवायचा ठराव केला होता. तिथे मागच्या तोडीत कोवळे बांबूही कापले गेले होते, बेटे मधोमध पोकळ झाली होती, आणि बायांचे म्हणणे होते की पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघतात तेही आता नावालाच उरले आहेत. ठराव माझ्याच अक्षरात आहे. बैठक घोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, झाली, दुपारपासून अंधार पडेपर्यंत. ज्यांची बांबूची मजुरी बुडणार होती त्यांनी विरोध केला, त्यांना दुसऱ्या भागातली तोड आधी द्यायची असे ठरले, आणि मगच ठराव झाला. आराखड्यात तो भाग हिरव्या खडूने रंगवला. आराखड्याची प्रत वनकार्यालयात दिली आणि पोच घेतली. पुढे कधीतरी खात्याची माणसे त्याच भागात बांबू कूपाची (तोडीसाठी ठरवलेल्या पट्ट्याची) आखणी करायला आली, कारण कार्य आयोजनेत त्या वर्षी त्याच कक्षाची पाळी होती. गाव जमले, शब्दाला शब्द लागला. अधिकारी नवीन होते. त्यांना मी आवक क्रमांक असलेली पोच दाखवली. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मला हे कुणी सांगितलेच नाही." काम थांबवले, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण त्यांच्या आधीच्या साहेबांची बदली झाली होती आणि आराखडा त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात राहिला होता. आपल्या बदल्या होतच राहणार. गावाची मात्र बदली होत नाही, आणि दर खेपेला नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळे सांगण्याची पाळी गावावर येते.

या दुखण्यावर औषध साधे आहे. प्रत्येक कक्षाचा इतिहास लिहिण्याची पद्धत आपल्या खात्यात ब्रिटिशांच्या काळापासून आहे. कुठल्या साली काय तोडले, काय लावले, कधी आग लागली, सगळे त्यात उतरते. त्या इतिहासात ग्रामसभेच्या हक्काची नोंद आणि तिच्या आराखड्यातले निर्णय शाईने लिहा. बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत ग्रामसभांची वेगळी यादी जोडा. आणि त्या इतिहासाची प्रत ग्रामसभेलाही द्या. गावाला आपल्या जंगलात पूर्वी काय तोडले गेले ते कागदावर कळले, तर ग्रामसभेचा पुढचा आराखडा नुसत्या आठवणीवर उभा राहणार नाही.

परवान्याचेही असेच. नियमाने वाहतूक परवाना आता ग्रामसभेची समिती देऊ शकते. पुस्तक छापून घेतले, शिक्का केला, सही कोणी करायची ते ठरले. पण रात्री नाक्यावर गाडी पोचते तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याकडे त्या सहीचा नमुना नसतो. त्याला वरून लेखी सूचना नसते. तो गाडी बाजूला लावतो, फोन करतो, साहेब उचलत नाहीत. त्या गरीब कर्मचाऱ्याचा तरी काय दोष? उद्या चौकशी झाली तर त्याचीच नोकरी जाईल. इकडे व्यापारी मात्र पुढच्या लिलावात गाडी अडण्याचा धोका भावातून कापून घेतो. ग्रामसभेला बांबूचा दर कमी का मिळतो, याचे उत्तर अनेकदा नाक्यावर सापडते. हंगाम सुरू होण्याआधी परिक्षेत्रातल्या सगळ्या ग्रामसभांच्या सह्यांचे नमुने प्रत्येक नाक्यावर पोचवणे, हे एका बैठकीचे काम आहे.

पैशाबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण सहकार्याचा खरा कस तिथे लागतो. भरपाई वनीकरणाचा निधी म्हणजे कॅम्पाचा पैसा, राज्य योजना, जिल्हा नियोजन यांतून जंगलात कामे होतात. ती कामे ग्रामसभेच्या हक्काच्या जंगलात होतात, पण अंदाजपत्रक गावाला दिसत नाही. मोह, चार (चारोळी) आणि तेंदू असलेल्या जागेवर सागाचे रोपवन उभे राहते, तारेचे कुंपण होते, आणि ज्या वाटेने बाया मोहफुलाला जायच्या ती वाट बंद होते. रोपे जगली नाहीत तर त्याचा जाब कुणी विचारायचा हेही गावाला कळत नाही, कारण ते काम गावाने मागितलेलेच नव्हते. मी असे म्हणत नाही की साग लावूच नका. कुठे लावायचा हे ग्रामसभेच्या आराखड्यात बघून ठरवा, खर्चाचा तपशील गावाच्या फलकावर लावा, आणि जिथे ग्रामसभेची समिती काम करायला तयार आहे तिथे निधी तिच्या खात्यावर द्या. या जिल्ह्यात ग्रामसभांनी रोजगार हमीची कामे स्वतः यंत्रणा म्हणून केली आहेत, बांधबंदिस्ती केली, तळी खोदली. हजेरीपट कसा भरायचा ते त्यांना येते. मजुरी उशिरा आली की गाव समितीलाच बोलते, त्याचीही त्यांना सवय झाली आहे.

हे सगळे लिहिताना माझ्या बाजूच्या उणिवा झाकल्या तर पत्राला अर्थ नाही. ग्रामसभा म्हणजे सगळे काही शुद्ध, असे मी कधी मानले नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात ते चांगले दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई (चांगली पाने यावीत म्हणून झुडपांची छाटणी), मेमध्ये दोन आठवडे तोड. सत्तर पानांचा एक पुडा, फळीवर (पत्ता जमा करण्याच्या जागी) पुडे मोजले जातात, उन्हात पालथे-उताणे केले जातात, फळीमुंशी वहीत आकडे मांडतो. एका कुटुंबाचे वर्षाचे रोख उत्पन्न बहुतांशी त्या पंधरवड्यात ठरते. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून मजुरीवर रॉयल्टीही मिळू लागली, लोकांच्या हाती पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा आला. पण त्याच्यामागे दलालही आले. कुठे समितीतल्या दोघा-चौघांनी परस्पर करार केला. कुठे ठेकेदाराने पहिला हप्ता दिला, पत्ता उचलला आणि उरलेली रक्कम बुडवली. ग्रामसभेच्या हाती फक्त करारनामा राहिला, त्यातही दंडाचे कलम लिहायचे राहून गेलेले. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला, तो पुढे २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. मधल्या वर्षांत हा कर कोणी भरायचा, विवरणपत्र कोणी द्यायचे, हे समजावायला एकही कार्यालय पुढे आले नाही. मी स्वतः रात्र रात्र वह्या तपासत बसले आहे आणि बेरीज जुळली नाही म्हणून सभेत समितीला उभे राहून उत्तर द्यावे लागलेले पाहिले आहे. असा जाब विचारला जातो ही चांगली गोष्ट आहे. ज्या गावात तो विचारलाच जात नाही, तिथे माझी झोप उडते.

बायांचा प्रश्न तर आहेच. नियमाप्रमाणे ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. वहीवर अंगठे आणि सह्या पूर्ण भरतात. प्रत्यक्षात बाया कडेला बसतात आणि बैठक लांबली की स्वयंपाकासाठी उठून जातात, मग ठराव होतो. जंगलात सर्वांत जास्त वेळ घालवणाऱ्या माणसांचे म्हणणे आराखड्यात सर्वांत कमी उतरते. यावर ज्या गावांनी बैठकीची वेळ बदलली, आधी बायांची वेगळी बैठक घेतली, तिथे आराखडेच वेगळे झाले. पाणवठे, कंदमुळे, सरपणाची वाट यांना त्यात जागा मिळाली.

वणव्याच्या बाबतीतही खात्याचा रोख गावाकडे असतो, आणि तो अगदीच खोटा नाही. मोहाखालचा पाला जाळला की फुले वेचायला सोपे जाते. तेंदूला नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून आग लावणारेही आहेत, आणि त्यांना ठेकेदाराची फूस असते. पण हे थांबवायचे सामर्थ्यही गावातच आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाने बांबूवर रोजगार उभा केला आणि तेंदूची तोड बंद ठेवली, कारण तेंदूमुळे आगी लागतात आणि झाडे छाटली जातात. हाती येणारा रोख पैसा गावाने आपणहून सोडला. जंगलाचा एक भाग कुठलीही तोड न करता राखीव ठेवला. हा निर्णय कुठल्या परिपत्रकाने घडवून आणला असता, असे मला वाटत नाही.

गावागावांतल्या हद्दीच्या भांडणातही आपण सावध राहावे अशी विनंती आहे. निस्ताराच्या (घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याच्या जुन्या हक्काच्या) काळापासून एका गावाची गुरे दुसऱ्याच्या जंगलात चरतात, एका गावची माणसे दुसऱ्याच्या हद्दीतून बांबू आणतात, आणि ते उभयपक्षी मान्य असते. हक्काचा नकाशा कक्षाच्या रेषेवरून काढला की ही देवघेव एका फटक्यात अतिक्रमण ठरते. काही दाव्यांत क्षेत्र चुकीचे लिहिले गेले, काहींत शेजारच्या गावाचा कक्ष पडला, आणि दुरुस्तीचा अर्ज उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती यांच्यामध्ये फिरत राहतो. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. हद्दीचा वाद आला की दोन्ही गावांची जाणती माणसे पायी हद्द फिरतात, पाटील आणि भूमिया (गावपुजारी) सोबत असतात, आणि मग काय ते ठरते. यात वेळ जातो, पण ठरलेले टिकते. अशा वादात एका गावाची बाजू घेऊन पंचनामा करण्याची घाई करू नका. आपल्या सर्वेक्षकाला जीपीएस घेऊन त्या फेरीत पाठवा, त्याची खरी गरज तिथे आहे.

जिथे वनखात्याशिवाय आमचे चालूच शकत नाही, ती गोष्ट वाघ आणि हत्ती. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला. ज्या पिढीने हत्ती पाहिलेला नव्हता तिच्या धानात, मोह साठवलेल्या डोल्यांत, घरांत हत्ती शिरला. वडसा आणि गडचिरोली विभागांत वाघाने माणसे मारली, त्यात पहाटे मोहफुलाला किंवा दिवसा सरपणाला गेलेल्या बाया आहेत. अशा वेळी ग्रामसभा ठराव करून काय करणार? माग काढणे, कॅमेरे लावणे, गावाला वेळेवर कळवणे, नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशी करणे, ही विद्या आणि साधने तुमच्याकडे आहेत. आणि इथेही दप्तराचा प्रश्न येतोच. वाघ कुठे दिसला हे आपल्या व्हॉट्सॲप गटात असते, गावाच्या चावडीत नसते. माहिती फुटली तर शिकारी येतील ही भीती मला समजते. तरी मोहाच्या हंगामात कोणत्या भागात जाऊ नये, एवढे तरी रोज संध्याकाळी गावाला कळले पाहिजे. गावानेही आपली बाजू सांभाळावी लागेल. एकट्याने जायचे नाही, वेळ ठरवून गटाने जायचे, हे नियम ग्रामसभेनेच करायला हवेत. काही गावांनी केलेही आहेत.

खाणींबद्दल एवढेच म्हणते की वनजमीन वळती करण्याच्या फाइलवर आपली टिप्पणी असते. १८ एप्रिल २०१३ च्या नियमगिरी निकालात, म्हणजे ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा असे सांगितले आणि तिथल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. त्या निकालाचा आदर ठेवून टिप्पणी लिहा. गावाने काय ठराव केला आहे तो फाइलला जोडा, तो आपल्याला पटो वा न पटो.

आणि शेजारच्या राज्यात काय घडले तेही लक्षात असू द्या. छत्तीसगडमध्ये मे २०२५ मध्ये वनविभागाने पत्र काढून सामूहिक वनहक्काच्या बाबतीत स्वतःला नोडल (म्हणजे सगळ्या कामाची सूत्रे हाती असलेली) यंत्रणा म्हणवून घेतले. ग्रामसभा आणि संघटना रस्त्यावर आल्या, आणि जुलैच्या सुरुवातीला ते पत्र मागे घ्यावे लागले. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्येच सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती, त्यात आराखडा करणे आणि मंजूर करणे हे ग्रामसभेचेच काम म्हटले आहे. ती तत्त्वे आपल्या परिक्षेत्र कार्यालयात आहेत का, हे बघावे. मी ज्या दोन-तीन कार्यालयांत विचारले तिथे नव्हती, आणि प्रत नेऊन दिल्यावर कुणी नाराजी दाखवली नाही, उलट झेरॉक्स काढून घेतल्या.

आपल्यातल्या अनेकांना हे सगळे मनापासून करायचे असते, हे मी पाहिले आहे. रात्री वणव्यात गावकऱ्यांच्या बरोबरीने फांद्या घेऊन उतरलेले वनरक्षक मी ओळखते. एका वनपालाने रजेच्या दिवशी येऊन समितीला झाडांची मोजणी कशी करायची ते शिकवले, पुढच्या आराखड्यात ती पद्धत आम्ही वापरली. त्याला वरून शाबासकी मिळाली की नाही ते माहीत नाही. मिळायला हवी. असे काम करणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद व्हावी, म्हणजे ग्रामसभेसोबत काम करणे ही एखाद्याची वैयक्तिक आवड न राहता नोकरीचा भाग होईल.

वणव्याचा हंगाम आपल्या नोंदीत १५ फेब्रुवारीपासून धरला जातो. त्याआधी, जानेवारीअखेर, बहुतेक गावांत खुटकटाई आणि तेंदूच्या लिलावाची सभा होते. त्या सभेला स्वतः या, वनरक्षकालाही आणा, आणि गावाच्या सगळ्या कक्षांचा नकाशा आणा. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) कुठून काढायच्या, त्यांची मजुरी कोणत्या निधीतून आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, पाला उडवणारे फुंकणी यंत्र गावात किती दिवस राहणार, आणि आग दिसली की रात्री कोणत्या फोनवर माणूस नक्की उचलेल, हे त्या सभेत ठरवून इतिवृत्तात लिहू. इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी आपल्या हाती देईन. त्यावर आपली सही हवी आहे.

आपली,
ग्रामसभांच्या वह्या लिहिणारी एक कार्यकर्ती
जिल्हा गडचिरोली